पेल्यापेल्याचं केळवण

लग्नाच्या आधीच्या महिन्यात नवऱ्या मुलाला आणि नवरीला ताटाची धास्ती वाटायला लागते. दुपारी आत्याकडं पुरणपोळी, रात्री मामाकडं श्रीखंड-पुरी, दुसऱ्या दिवशी शेजारी बासुंदी. प्रत्येक घरी पाटाभोवती रांगोळी, औक्षण, टॉवेल-टोपी, साडी-खण आणि 'एवढी एक घ्याच' हा आग्रह. आमच्याकडची जुनी माणसं याला गडगनेर म्हणतात, आताची पोरं केळवण. नाव काहीही असो, या चालीवर माझा फार जीव आहे. लग्न दोन घरांत ठरतं. पण मुलाला लहानाचं मोठं केलेलं असतं गल्लीतल्या, भावकीतल्या, मळ्याशेजारच्या कितीतरी घरांनी. ती सगळी घरं केळवणाच्या निमित्तानं म्हणतात, आमच्याही हातचं खाऊन जा. एवढं सांगण्यासाठी जेवण हवंच, असं मात्र नाही.

धाकट्या जावेच्या मुलाचं लग्न वैशाखात धरलं होतं. आमच्या घरचं केळवण चैत्रात यायचं होतं. अकलूजचा चैत्र म्हणजे दहा वाजताच रस्ते ओस पडायला लागतात, पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या सावलीतही बसवत नाही. अशा दिवसांत त्या दोघांपुढं पुन्हा एक भरलेलं ताट ठेवायचं माझ्या जिवावर आलं. मी घरात सांगितलं, आपण या दोघांना जेवायला नको, प्यायला बोलवू. येणाऱ्या प्रत्येक घरानं आपल्याकडचं एक पेय आणायचं. ताटं नाहीत, पाट नाहीत. अंगणात मांडव, ओले माठ आणि पितळी पेले.

सुरुवात पाण्यानं करायची, हे मी आधीच ठरवलं होतं. माझं माहेर सांगोल्याकडचं. होणारी सूनही त्याच बाजूची. आमच्या त्या मुलखात उन्हातून आलेल्या माणसाच्या हातावर आधी गुळाचा खडा ठेवतात, मग तांब्या देतात. नुसतं पाणी घटाघटा पोटात गेलं तर बाधतं, गुळानं जीव थाऱ्यावर येतो, असं आई सांगायची. 1972 च्या दुष्काळाचं तिच्या तोंडून ऐकलेलं मला अजून पाठ आहे. खडी फोडायला गेलेल्या बाया, सुकडीची वाटी, आणि विहिरीच्या तळाला उतरून वाटीवाटीनं भरलेली घागर. त्या दिवसांतही पाहुणा आला तर तांब्या भरून पुढं यायचा. फक्त घरातल्यांचं त्या दिवशीचं पाणी तेवढं कमी व्हायचं. पाणी विचारणं हे आमच्याकडं नुसत्या शिष्टाचारात मोडत नाही. त्याला किंमत पडलेली असते, आणि ती देणाऱ्यालाच ठाऊक असते.

म्हणून वाळ्याची जुडी टाकलेल्या माठातलं पाणी आणि गुळाचा खडा, हा पहिला मान. नवरीनं खडा तोंडात टाकला आणि माझ्याकडं बघून हसली. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

मी लग्न होऊन अकलूजला आले तेव्हा मला सगळ्यात नवल वाटलं होतं ते कालव्याचं. पाणी आपल्या पायांनी चालत शेतात येतं, हे मी माहेरी पाहिलंच नव्हतं. भोरकडच्या डोंगरात उगवलेली नीरा आमच्या गावाला लागून जाते आणि खाली नरसिंहपूरला भीमेला मिळते. पण नुसत्या नदीनं हा तालुका हिरवा झाला नाही. 1920 च्या दशकात भाटघरला नवं धरण उभं राहिलं, नीरेचा उजवा कालवा फलटणवरून माळशिरसाकडं आला आणि जिथं कुसळं उगवत तिथं ऊस उभा राहिला. तरी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, पिलीवकडच्या माळावर उभं राहून बघितलं, की कालव्याची ओल कुठं संपते ते कळतं. एकाच तालुक्यात एक घर कालव्याची पाळी कधी सुटणार विचारतं आणि दुसरं टँकर कधी येणार विचारतं. सांगोल्याची मुलगी अकलूजला देतात तेव्हा तिच्या घरचे दागिन्यांच्या आधी एकच गोष्ट बोलतात: पोरगी पाण्यात पडली. इकडं ते वाक्य फार आनंदाचं आहे.

मांडवाच्या एका कोपऱ्यात रसाचा चरक उभा केला होता. जुना, लाकडी मुठीचा, हातानं फिरवायचा, घुंगरं बांधलेला. पुतण्याच्या मित्रांनी तो आळीपाळीनं ओढला. कारखान्याच्या पट्ट्यातली ही पोरं. ट्रॉलीतून ऊस उपसून खायला लहानपणीच शिकलेली. पण रसासाठी कुठला ऊस चांगला यावर म्हाताऱ्यांचं आणि त्यांचं तिथंच जुंपलं. पोरं म्हणाली, 86032 सारखा ऊस नाही, वजन आणि गोडी दोन्ही. सासऱ्यांच्या वयाचे एक आजोबा पुंड्याचं नाव काढून हळहळले. दातानं सोलता यायचा, रस फिकट आणि गार लागायचा. तिसऱ्यानं 419 ची आठवण काढली. फलटण तालुक्यात पाडेगावला 1932 पासून उसाचं संशोधन केंद्र आहे, त्यामुळं आमच्याकडं वाणांचे आकडे घरातल्या माणसांच्या नावासारखे तोंडात असतात. कुठल्या साली कुणाचं लग्न झालं हेसुद्धा त्या वर्षी रानात कुठला ऊस होता त्यावरून आठवतं.

या रसाच्या पेल्यामागं केवढी माणसं उभी आहेत! सासवडकडचे माळी शेतकरी कालव्याचं पाणी बघून या मुलखात आले, त्यांनी खंडानं जमिनी कसल्या, आणि 1930 च्या दशकात एकत्र येऊन माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला. शेतकऱ्यांनी कारखान्याचं मालक व्हावं हा त्या काळात केवढा मोठा विचार होता. तिकडं श्रीपूरला चंद्रशेखर आगाशे यांचा बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट उभा राहिला. पुढं शंकरराव मोहिते पाटलांनी यशवंतनगरला सहकारी कारखाना उभारला. हंगामात रात्री गच्चीवर झोपलं की मळीचा आंबूस वास वाऱ्यावर येतो. परक्याला तो नकोसा वाटतो. मला त्या वासानं बिल मिळणार, पोरांच्या फिया भरल्या जाणार, असं काहीसं आश्वस्त वाटतं.

त्या वासाशी आणखी एक गोष्ट बांधलेली आहे. एक टन ऊस गाळला की शंभर-एकशेदहा किलो साखर पडते आणि चाळीसेक किलो मळी उरते. त्याच मळीतून पुढं आसवनीत मद्यार्क निघतो. तेव्हा प्यायचं केळवण म्हटल्यावर पुतण्याच्या एका मित्रानं आडून विचारलंच, काकू, नुसतं सरबतच का? पुण्या-मुंबईत लग्नाच्या आधी मित्रमंडळी बसतातच. त्याचा प्रश्न काही वाईट नव्हता. मीही त्याला सरळ उत्तर दिलं. म्हटलं, हा तुकोबांच्या वाटेवरचा गाव आहे. आषाढात सराटीला पादुकांना नीरास्नान होतं, पालखी पूल ओलांडून आपल्या जिल्ह्यात पहिलं पाऊल अकलूजला टाकते, माने विद्यालयाच्या मैदानावर गोल रिंगण होतं. त्या दिवशी या रस्त्यावरच्या दर घरापुढं पाण्याचे पिंप, चहाची पातेली, सरबताच्या बादल्या मांडलेल्या असतात. कोण पितंय, कुठल्या गावाचं आहे, कुणी विचारत नाही. प्यायला देणं म्हणजे काय ते मी तिथं शिकले, आणि तेच मला तुमच्यापुढं मांडायचंय.

दुसरंही कारण त्याला सांगितलं. महाराष्ट्रात किती गावांत बायकांनी आडव्या बाटलीला मतं घालून दारूची दुकानं बंद पाडली. त्या मतदानाला उन्हात रांगा लावून उभ्या राहिलेल्या बायकांपैकी कितीजणींचे संसार हळद फिटायच्या आधी बाटलीनं विस्कटले होते, ते त्यांनाच माहीत. आमच्या भावकीतही असं एक घर आहे. त्या घरची वहिनी त्या दिवशी मांडवात होती, पन्हं घेऊन आली होती. तिच्या डोळ्यांसमोर मी तो पेला नव्या जोडीच्या हातात देणार नव्हते. पोरगा गप्प झाला, आणि मग चरकावरची मूठ त्यानं इतरांपेक्षा जास्त वेळ ओढली.

वहिनीचं पन्हं उकडलेल्या कैरीचं. गर हातानंच मोडलेला, साखरेऐवजी गूळ, वेलदोडा भरड कुटलेला, केशराच्या चार काड्या. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ती दरवर्षी करते आणि दरवर्षी तसंच उतरतं. रत्नागिरीच्या चुलतजावेनं आगळ आणलं होतं, त्याचं कोकम सरबत केलं. कोकमाचा तो लाल रंग पितळी पेल्यात फार सुंदर दिसतो. नवरीच्या मामांनी डाळिंबं आणली. सांगोल्याचं डाळिंब! पाऊस रुसला म्हणून त्या माणसांनी रान सोडलं नाही. ठिबकच्या नळ्या अंथरल्या, शेततळी खणली, थेंब मोजून बागा धरल्या, आणि सोलापूरच्या डाळिंबाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं. मामा दाणे सोलत बसले होते आणि सांगत होते, तेल्या आला तेव्हा अख्खी बाग कुऱ्हाडीनं तोडून जाळली, पुन्हा लावली. तो रस पिताना कालव्याकाठचे आमचे लोक गप्प बसून ऐकत होते. पाटानं पाणी देणाऱ्यांनी थेंबानं देणाऱ्याचं ऐकावं, हे मला फार हवं होतं. नातं जुळतंय तर ते एवढं तरी जुळावं.

पण त्या दिवशी सगळ्यात आधी रिकामं झालं ते आत्याबाईंच्या आंबिलीचं पातेलं. आत्याबाई नव्वदीच्या आसपास. केळवणाला आंबील आणणार म्हटल्यावर त्यांच्या सुनेला अवघड वाटलं होतं. आंबील म्हणजे गरिबाघरचं, नाहीतर देवीच्या यात्रेतलं. आत्याबाईंनी ऐकलं नाही. मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी जात्यावर भरडली नाही, आता तेवढं बळ नाही. पण गिरणीवाल्याला पीठ जाड ठेवायला बजावलं. रात्री ते ताकात कालवून ठेवलं. सकाळी आंबूस वास सुटल्यावर पाण्याला आधण आणून त्यात सैल सोडलं, गुठळी होऊ नये म्हणून रवीनं हलवत राहिल्या, मग ठेचलेला लसूण, जिरं, मीठ. थंड झाल्यावर पुन्हा ताक आणि वरून चिरलेला कांदा-कोथिंबीर. पेला नवरीच्या हातात देत म्हणाल्या, "पोरी, ह्याच्यावर आम्ही दिवसभर भांगलण केलीया. उन्हाचा धनी हाय ह्यो." नवरी कृषी पदवीधर आहे. तिनं पीठ किती तास आंबवलं, ताक किती दिवसांचं, सगळं विचारून मोबाइलमध्ये लिहून घेतलं. आत्याबाईंना आयुष्यात कुणी असं विचारलं नव्हतं. त्या सांगतच राहिल्या, आणि कांडणापासून कणगीपर्यंत त्यांच्या सासुरवासाचा सगळा काळ त्या आंबिलीच्या कृतीतून बाहेर आला.

मग नाव घेण्याचा आग्रह झाला. नवरी आधी लाजली, मग रसाचा पेला हातात धरून म्हणाली:

"उसाच्या रसात पिळलं आलं आणि लिंबू,
रावांचं नाव घ्यायला कशाला मी थांबू!"

आणि नाव घेतलंच. पुतण्याला काही सुचेना. तो नुसता 'मठ्ठा, मठ्ठा' म्हणत राहिला, कारण पुढचं पातेलं मठ्ठ्याचं होतं. बायकांनी मांडव डोक्यावर घेतला.

मठ्ठ्याबरोबर बोलणं लग्नाच्या पंगतीवर गेलं. अकलूजमध्ये पंगतीचं बोलणं निघालं की मोहिते पाटलांकडच्या लक्षभोजनाची आठवण निघायचीच. लाखभर माणूस जेवलं, पाणी गार राहावं म्हणून विहिरीत बर्फाच्या लाद्या सोडल्या, असं म्हातारी माणसं अजून सांगतात. त्यावर तेव्हा टीकाही खूप झाली, तीही सांगतात. मला त्या गोष्टीतली विहीर नेहमी थांबवते. माहेरच्या विहिरीचा तळ आणि ही बर्फाची विहीर, दोन्ही एकाच जिल्ह्यातल्या. लग्न थाटाचं करायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण प्यायला काय द्यायचं, किती द्यायचं आणि कशात द्यायचं, याचा विचार यजमानानं करायलाच हवा असं मला वाटतं. हल्ली कार्यालयाबाहेर दोन घोट पिऊन टाकलेल्या पाण्याच्या बाटल्यांचा खच पडलेला असतो. अर्धं पाणी तसंच. सांगोल्याची माणसं त्या बाटल्या ओलांडून आत येतात, आणि त्यांना काय वाटत असेल ते मला माहीत आहे.

नवरीच्या वडिलांनी तो विषय उचलला. ते म्हणाले, आपण दारातच माठ ठेवू, तांबे ठेवू, वाढायला पोरं उभी करू. जेवणात थंड पेयांच्या बाटल्यांऐवजी पन्हं आणि मठ्ठा. आमच्या घरातून कुणीतरी म्हणालं, आठशे माणसाला पन्हं म्हणजे कैरी किती लागेल? वहिनी हिशोबाला बसली. पेल्याला पाव लिटर धरून ती पुटपुटत होती, गूळ गुऱ्हाळावरून थेट आणायचा की बाजारातून यावर आत्याबाईंची सून आणि मामा बोलत होते, आणि पुतण्या ओळखीच्या व्यापाऱ्याला फोन लावून विचारत होता की वैशाखाच्या दुसऱ्या आठवड्यात पिकायला न लागलेली, करकरीत कैरी मिळेल का, आणि मिळणार असेल तर किलोचा भाव आत्ताच पक्का करता येईल का.