नानांच्या वहीतलं माझं पान

सिनेमावर लिहून माझं पोट भरतं, त्यात औरंगाबादच्या सिडकोतल्या एका व्हिडिओ लायब्ररीचा वाटा मोठा आहे. टीव्ही सेंटरजवळ नानांचा छोटासा गाळा होता. नवी हिंदी कॅसेट आली की संध्याकाळी गर्दी व्हायची. मराठीच्या फळीकडे मात्र कुणी ढुंकून बघत नसे. फार तर ‘धूमधडाका’ किंवा ‘अशी ही बनवाबनवी’. नानांनी त्यावर तोडगा काढला होता: एका हिंदीवर एक मराठी फुकट. आणि फुकटची कॅसेट लोक न बघताच परत आणतात हे ओळखून ते ती देताना फीत मुद्दाम थोडी पुढे सरकवून ठेवत. परत येताना ती तिथेच असली की काउंटरवर चोरी पकडली जायची. “पाहिलाच न्हाई की रे. ने परत.”

‘सामना’ आणि ‘सिंहासन’ मी असेच पाहिले, एका मारधाडपटाच्या जोडीला मिळालेले. त्यांचे दिग्दर्शक जब्बार पटेल हे नाव मला ना शाळेत कळलं, ना घरी. कॅसेट परत करताना नाना “कसा वाटला?” विचारत आणि “चांगला होता” एवढ्यावर सोडत नसत. काय चांगलं होतं, कुठे कंटाळा आला, हे उभ्याउभ्या सांगावं लागे. समीक्षेचं शिक्षण म्हणतात ते माझं तेवढंच.

दुसरं देणं याहून जड आहे. वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि ते बरेच महिने खाटेवर होते. एका रात्री नाना स्कूटरवर पुढे व्हीसीपी, म्हणजे कॅसेट प्लेअर, ठेवून घरी आले, स्वतः वायरी जोडल्या आणि यंत्र ठेवून गेले. लग्नसराईत त्या यंत्राचं एका रात्रीचं भाडं चांगलं यायचं. आमच्याकडून त्यांनी ते कधी घेतलं नाही. वहीत माझ्या नावाचं पान होतं. त्यावर उधारी लिहिली जायची, वसुली नाही.

पुढे केबल आली, मग चोरीच्या सीडी गुलमंडीवर मिळू लागल्या आणि लायब्ररी बंद झाली. त्याची हकिगत लांबवण्यात अर्थ नाही. गावोगावी तेच झालं.

नाना पुन्हा सिनेमावर बोलायला लागले ते फोनमुळे. 2016 मध्ये जिओनं डेटा स्वस्त केला आणि नातवानं त्यांना यूट्यूब लावून दिलं. तिथल्या ‘भाडिपा’ चॅनलची पोरं त्यांना आगाऊ पण हुशार वाटली. ‘गावाकडच्या गोष्टी’ ही वेब मालिका त्यांनी सलग पाहिली. साताऱ्याकडची माणसं मुंबईला न विचारता आपली गोष्ट सांगतात, याचं त्यांना फार अप्रूप. 2018 मध्ये झी5 हे ओटीटी आलं. 2019 मध्ये एमएक्स प्लेअरवर ‘आणि काय हवं’ आणि पुढच्या वर्षी ‘समांतर’ या मालिका आल्या. हे एमएक्सवरचं सगळं जाहिरातींच्या जिवावर फुकट होतं, आणि नानांना तेच खटकायचं. “फुकट दिलेलं परत येतं रे, तसंच्या तसं.” काउंटरमागं आयुष्य गेलेल्या माणसाचा हा हिशेब कुठल्याही कंपनीच्या अहवालापेक्षा मला खरा वाटतो.

म्हणूनच 2021 मध्ये अक्षय बर्दापूरकरांचं ‘प्लॅनेट मराठी’ हे पैसे भरून बघायचं ओटीटी फक्त मराठीसाठी म्हणून उभं राहिलं, तेव्हा नानांनी मला फोन केला. जूनच्या अखेरीस तिथं ‘जून’ नावाचा चित्रपट यायचा होता. निखिल महाजन यांचं लेखन, सुहृद गोडबोले आणि वैभव खिश्ती यांचं दिग्दर्शन. आणि गोष्ट घडते औरंगाबादेत. शहराचं नाव तेव्हा तेच होतं.

आमच्या शहरानं मराठी रंगभूमीला आणि पडद्याला माणसं पुष्कळ दिली. चंद्रकांत कुलकर्णी आणि प्रशांत दळवी ‘जिगीषा’ नाट्यसंस्था घेऊन इथूनच मुंबईला गेले, मकरंद अनासपुरेही इथूनच. पण गोष्ट मात्र मुंबई-पुण्याची, नाहीतर कोल्हापूरकडच्या गावांची. ‘जून’मधला इथल्या सोसायटीचा जिना, इंजिनिअरिंगला नापास झालेला नील, पुण्याहून एकटी राहायला आलेली नेहा आणि तिच्याकडे बघणारे शेजारी हे सगळं थिएटरला परवडणारं नव्हतं, असं मला वाटतं. त्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेमुळे चित्रपटगृहं बंद होती. ती ऑक्टोबरात उघडली.

माझ्याकडे चित्रपट बघायची सोय होती. “घरी या, बसून पाहू,” म्हटलं. नाना चिडले. “तुझ्या तिकिटावर मी कामून बघू? माझं मी काढतो.” नातवाकडून पैसे भरवून घेतले, तेव्हा कुठे पाहिला. मग फोनवर आमची जुनी परीक्षा उलटी झाली: त्यांनी सांगायचं, मी ऐकायचं. नेहा पेंडसे आणि सिद्धार्थ मेनन दोघंही आवडले, पण नीलचा बाप त्यांना जास्त लागला. “त्या बापाला पोरासंगं बोलायला येत न्हाई. आपल्याकडं कुणाला येतं?”

आपल्या भाषेतलं पैसे भरून बघण्याचा दुसरा धडा दोह्याहून आला. नानांची नात तिथं नर्स आहे. तिची खोलीतली सोबतीण फिलिपिनो, आणि ड्यूटीवरून आली की फोनवर आपल्या भाषेतल्या मालिका लावते. नानांनी मला या मालिकांचाही शोध घ्यायला लावला. फिलिपिन्समधल्या एबीएस-सीबीएन कंपनीनं 1994 पासूनच परदेशातल्या आपल्या लोकांसाठी ‘द फिलिपिनो चॅनल’ चालवलं. मे 2020 मध्ये प्रसारणाचा परवाना संपला, तिथल्या संसदेनं नवा दिला नाही, देशातलं मुख्य चॅनल बंद पडलं. त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीनं देशातली ‘आयवाँट’ आणि परदेशातली ऑनलाइन सेवा एकत्र करून ‘आयवाँटटीएफसी’ काढली. नानांना परवान्याच्या राजकारणात रस नव्हता. त्यांचा प्रश्न एकच: “बाहेरची त्यांची माणसं पैसे भरतात का?” पूर्वीपासून भरत आलीत, म्हटलं. त्यावर बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “मग आपल्या पुण्या-मुंबईच्या पोरांना अमेरिकेत काय धाड भरलीय?”

2022 मध्ये ‘प्लॅनेट मराठी’वर ‘रानबाजार’ ही मालिका आली. ती त्यांनी काकू झोपल्यावर पाहिली, हे काकूंनीच मला सांगितलं. अर्धवट सोडलेल्या मालिकांची ते आता यादी ठेवतात, कितव्या भागाला कंटाळले आणि का, हे लिहून. कंपन्यांना आपण कुठे थांबलो ते कळतं, पण का थांबलो ते कुणी विचारत नाही, ही त्यांची तक्रार. त्या यादीचे फोटो ते मला पाठवतात आणि मी लेख लिहिताना त्यातून बिनदिक्कत उचलतो.

मागच्या दिवाळीत त्यांच्या वर्षाच्या वर्गणीचे पैसे मी भरू पाहिले. व्हीसीपीचं भाडं समजा, म्हणालो.

“ते तुझ्या बापाच्या खात्यावर आहे,” नाना म्हणाले. “तू तुझं बघ. ‘सिंहासन’ची कॅसेट अजून आली न्हाई परत.”