पारखून घ्यावा बाण

बैल विकत घेताना आपण त्याचे दात पाहतो, खांदा पाहतो, चार पावले चालवून पाहतो. बियाणे घेताना मूठभर धान पाण्यात टाकून पोचट किती तरंगते ते पाहतो. शेतकऱ्याच्या घरात पारख ही हाताला लागलेली असते, ती कुणी मुद्दाम शिकवत नाही. बाणालाही अशीच पारख लागते, हे मला आमच्या शेजारच्या गोंड बाबाजींमुळे समजले.

आमचा भाग इटियाडोहचा. गोठणगावजवळ गाढवी नदीवरचे हे धरण 1970 साली पुरे झाले आणि अर्जुनी मोरगावपासून लाखांदूर, वडसा, आरमोरीकडच्या बांध्यांपर्यंत त्याचे पाणी गेले. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला रान. जवळच्या नवेगावचे रान 1975 साली राष्ट्रीय उद्यान झाले. अशा मुलखात जुन्या घरांच्या आढ्याला तिरकामठा टांगलेला असणे नवलाचे नव्हते. बाबाजींच्या घरी तो अजूनही आहे.

बाबाजी सांगतात, कामठा कसाही चालेल, बाण कसाही चालत नाही. बाणाची काडी निवडायची ती बारीक, भरीव बांबूची. कोवळी काडी वाळली की आकसते आणि वाकते. पावसाळ्यात तोडलेली लवकर किडते. म्हणून पावसाळा सरल्यावर, पक्क्या बेटातली काडी तोडायची, सावलीत वाळवायची. मग निखाऱ्यावर शेकून एकेक पेर हाताने सरळ करायचे. सरळ झाली की नाही हे पाहायला ती डोळ्यासमोर धरायची, नाही तर अंगठ्याच्या नखावर टेकवून फिरवायची. वाकडी काडी नखावर थरथरते, सरळ काडी मुकाट्याने फिरते.

मग तोल. बाण बोटावर आडवा ठेवला तर मधोमध तोलता कामा नये. तोंडाकडे थोडा जड हवा. मागची पिसे एकाच बाजूच्या पंखाची हवीत. डावे-उजवे मिसळले तर बाण धड फिरत नाही आणि नेम चुकतो. पूर्वी तोंडही कामाप्रमाणे बदलत असे. मोठ्या जनावराला लोहाराकडून घडवलेले लोखंडी पाते, माशाला काटेरी तोंड, आणि पाखराला लाकडाचा बोथट गठ्ठा. बोथट का, तर पाखराचे मांस फाटू नये आणि चुकलेला बाण झाडाच्या फांदीत रुतून बसू नये.

ही झाली पूर्वीची गोष्ट. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीवर कडक बंधने आली. पुढे 2006 च्या वनहक्क कायद्याने रानात राहणाऱ्यांना जमिनीचे, वनोपजाचे पुष्कळ हक्क दिले, पण शिकारीचा परंपरेचा हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला. मोराची पिसे पूर्वी बाणाला लावत, पण आता त्यासाठी मोराला हात लावणे हाही मोठा गुन्हा आहे.

कायदा झाला तरी रानडुक्कर कायदा वाचत नाही. एका कार्तिकात आमच्या शिवारात भारी धान कापणीला आले होते आणि डुकरांचा कळप रोज रात्री एकेक बांधी लोळवून जात होता. जागलीला बसून डबे वाजवले, शेकोट्या पेटवल्या; दोन दिवस फरक पडला, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ज्याचे वर्षाचे खाणे त्या बांधीत आहे त्याचा जीव किती जळतो, हे तुम्हा वाचकांना वेगळे सांगायला नको. एका संध्याकाळी गावातली चार पोरे बाबाजींच्या अंगणात आली. त्यांना आढ्यावरचे बाण हवे होते.

बाबाजींनी बाण खाली काढले, एकेक हातात घेऊन पाहिला आणि पुन्हा वर ठेवला. म्हणाले, "पोट्टेहो, बाण लागला म्हणजे जनावर मेलं असं नसते. बंदुकीची गोळी वेगळी. बाणाने रगत वाहते, मग जनावर पडते. डुकराचा खांदा जाड. तुमचा बाण अर्धा शिरला तर ते रात्रभर झुडपात बसेल, आणि सकाळी तुमच्याच मायबहिणी तिकडे काडीकचऱ्याला जातील. मग?"

पोरे गप्प झाली. एक जण म्हणाला, "मग बांधीत करंट सोडू." बाबाजी एकदम उखडले. "डुकराआधी शेजाऱ्याचा बैल मरेल, नाही तर शेजारीच!" ते खरेच आहे. कुंपणात सोडलेल्या विजेने माणसे गेल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. आम्ही दुसऱ्या दिवशी वनखात्यात नुकसानीचा अर्ज दिला. पंचनामा झाला. भरपाई नुकसानीच्या मानाने थोडी, आणि हाती पडायला वेळ लागला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण नुकसान झाल्याबरोबर अर्ज केला नाही तर तेवढेही मिळत नाही. उरलेली कापणी आम्ही चार घरांनी मिळून आठवड्यात उरकली आणि पुंजणी गावाजवळच्या खारीत रचली.

मला वाटले, बाबाजींची विद्या आता आढ्यावरच वाळून जाणार. पण तसे झाले नाही. त्यांची नात आश्रमशाळेत शिकते. तिथे तिची धनुर्विद्येसाठी निवड झाली. तिचा बाप काटकसरी. कुणा मोठ्या, ताकदवान मुलाचे वापरलेले सहा बाण स्वस्तात मिळाले, ते त्याने आणले. बाण चांगले, कार्बनचे. पण पोरीचा प्रत्येक बाण निशाणाच्या डावीकडे जाऊ लागला. ती रडकुंडीला आली. आपला हातच वाईट आहे, असे तिच्या मनाने घेतले, आणि खेळ सोडते म्हणाली.

सुटीत ती बाण घेऊन घरी आली. बाबाजींनी एक बाण दोन्ही हातांनी हलकेच वाकवून पाहिला, तिचा कामठा ओढून पाहिला आणि म्हणाले, "बाई, हात तुझा चांगला आहे. ही काडी तुझ्या कामठ्याची नाही. लई ताठ आहे." दुसरा बाण वाकवताना कानाशी धरला. बारीक करकर ऐकू आली. तो त्यांनी तिथेच मोडून टाकला.

पुढे शाळेतल्या शिक्षकांनी हेच शास्त्राच्या भाषेत सांगितले. दोरी सुटली की बाण क्षणभर माशासारखा लवतो आणि कामठ्याला वळसा घालून पुढे जातो. हा लवचिकपणा कामठ्याच्या जोराशी जुळावा लागतो. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा फार ताठ बाण डावीकडे जातो, फार लवचिक उजवीकडे. काडी दोन टेकूंवर ठेवून मधोमध ठरावीक वजन टांगतात आणि ती किती लवते त्यावरून तिचा आकडा ठरतो. आकडा मोठा म्हणजे काडी लवचिक, लहान म्हणजे ताठ. काडी लांब किंवा तोंड जड असले की बाण आणखी लवचिक वागतो. बाण हाताच्या ओढीपेक्षा आखूड नसावा. नाही तर पूर्ण ओढल्यावर तो मागे घसरून हातात घुसेल. फार हलका बाणही कामठ्याला मारक. आणि तडा गेलेला कार्बनचा बाण सुटताना फुटून त्याच्या चिरफळ्या हातात शिरतात. म्हणून दर वेळी वाकवून, ऐकूनच बाण लावायचा. बाबाजींना आकडा माहीत नव्हता, पण बोटांना माहीत होता.

पोरीला तिच्या मापाचे बाण मिळाले आणि ती खेळात राहिली. ती मोठी खेळाडू होईल की नाही, हे आज कोण सांगणार? पण वाट आहे. ज्या 1972 साली शिकारीवर बंधने आली, त्याच साली म्युनिकला धनुर्विद्या ऑलिंपिकमध्ये परत आली. राजस्थानचा आदिवासी मुलगा लिंबाराम तीन ऑलिंपिक खेळला. आपल्या नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी 2023 साली बर्लिनमध्ये जगज्जेते झाले. एकलव्याचा अंगठा गेला म्हणून आपण हळहळतो. आज ऑलिंपिकमधले धनुर्धर दोरी तीन बोटांनीच ओढतात, अंगठा दोरीला लावत नाहीत.

तुमच्या घरी किंवा शेजारी असा एखादा म्हातारा असेल, तर त्याच्याजवळ पोरांना बसू द्या. जनावर मारायला नव्हे, पारख शिकायला. आणि लेकरू एखाद्या कामात मागे पडले तर त्याला बोल लावण्याआधी त्याच्या हातातला बाण त्याच्या मापाचा आहे का, तेवढे पाहा.