साथीला पियानो

क्लॅरिनेट आपल्याला ठाऊक असते ते वरातीच्या बँडमधले, साऱ्या गोंगाटावरून चढत जाणारे. त्याच वाद्याच्या तळाशी एक काळसर, ऊबदार आवाज असतो. तो ऐकू यायला भोवती शांतता लागते. बासरीत जोराने फुंकर घातली की तोच स्वर वरच्या सप्तकात उमटतो. क्लॅरिनेट मात्र सप्तक ओलांडून त्यापुढच्या पंचमावर उडी घेते. खालचा आणि वरचा आवाज दोन निराळ्या माणसांचे वाटतात ते बहुधा यामुळेच.

मागच्या हिवाळ्यात जर्मनीत मुलीकडे राहत असताना, जेमतेम साठ खुर्च्यांच्या एका सभागृहात ब्राम्सचा एफ मायनरमधला सोनाटा ऐकला. सत्तावन्नाव्या वर्षी, १८९० मध्ये, ब्राम्सने रचना करणे जवळजवळ थांबवायचे ठरवले होते. पुढच्याच वर्षी माइनिंगेनच्या दरबारी वाद्यवृंदातल्या रिशार्ट म्यूलफेल्टचे क्लॅरिनेट त्याने ऐकले (हा गृहस्थ तिथे मुळात व्हायोलिन वाजवायला आलेला!) आणि तो पुन्हा लिहू लागला. १८९४ च्या उन्हाळ्यात क्लॅरिनेट आणि पियानोसाठी दोन सोनाटे झाले. ते म्यूलफेल्टबरोबर वाजवताना पियानोवर बसला तो स्वतः ब्राम्सच.

साथ या शब्दाविषयी मी जरा हळवा आहे. माझे वडील साताऱ्याकडच्या एका कीर्तनकारबुवांना चाळीस वर्षे पेटीची साथ करीत. पेटीने अर्धे पाऊल मागे राहावे, बुवांनी घेतलेल्या जागेची सावली धरावी, एवढाच त्यांचा नियम. बुवा गेले आणि पेटी बंद झाली. दुसऱ्या कोणाला साथ करा, निदान घरी वाजवा, असे आम्ही पुष्कळ सुचवले. ‘एकट्याने काय वाजवायचे?’ म्हणत. त्या उत्तराचा मला तेव्हा राग येई.

या सोनाट्यात पियानो मागे राहत नाही. आरंभ तोच करतो. क्लॅरिनेट नंतर येते. तिसऱ्या भागात तो सुरावट स्वतःकडे घेतो, तेव्हा क्लॅरिनेट तिच्याभोवती आपली दुसरी रेघ ओढत राहते. आणि तरीही दुसऱ्या, संथ भागात मला वडीलच दिसले. प्रत्येक ओळीआधी वादक श्वास घेई, तो पुढच्या रांगांत ऐकू येई. पियानोवर बसलेल्या बाई मान वर करीत नव्हत्या. हात पट्ट्यांवर टेकवून त्या श्वासासाठी थांबत. त्यांच्यापुढच्या कागदावर दोघांचेही स्वर छापलेले असतात, क्लॅरिनेटवाल्यापुढे फक्त त्याचे स्वतःचे. वडिलांनाही बुवांचे सगळे अभंग पाठ होते, ते कुठे अडखळतील यासकट.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात फ्रँकफर्टला क्लारा शूमानच्या घरी ब्राम्स आणि म्यूलफेल्ट यांनी हे सोनाटे वाजवले. क्लारा तेव्हा पंचाहत्तर वर्षांची होती; स्वतः थोर पियानोवादक. तिने त्या दिवशी कोणाकडे अधिक कान दिला असेल?

शेवटच्या भागाच्या सुरुवातीला पियानो एकच स्वर तीनदा ठासून वाजवतो, देवळातल्या घंटेसारखा. वडील असते तर दचकले असते, आणि मग विचारले असते, पेटीवर कोण आहे? कार्यक्रमपत्रिकेत दोन्ही नावे शेजारीशेजारी, सारख्याच टायपात छापलेली होती.