घरातले नाव, रस्त्यावरची शिवी

ज्या शब्दाने समाजाने हिणवले तोच शब्द हिणवले गेलेल्यांनी स्वतःचे नाव म्हणून मिरवावा, या घडामोडीला अभ्यासक शब्दाचा पुनर्स्वीकार म्हणतात आणि तिचे हमखास उदाहरण म्हणून ‘क्वीअर’कडे बोट दाखवतात. मूळ अर्थ ‘विचित्र’ असलेला हा शब्द विसाव्या शतकात समलिंगी माणसांवर शिवीसारखा फेकला जाई. एड्सच्या साथीतील सरकारी अनास्थेने पेटलेल्या कार्यकर्त्यांनी १९९० मध्ये न्यूयॉर्क येथे ‘क्वीअर नेशन’ ही संघटना काढून तो उचलला. मुंबईच्या मोर्च्यांत तो पोहोचेपर्यंत त्याची धार बोथट झाली होती, आणि मराठी माणसाला त्याने कधी कोणी डिवचलेही नव्हते. तेव्हा तो अंगावर घ्यायला इथे फारसे धाडस लागत नाही.

मराठीत कसोटी लागते ती ‘हिजडा’ या शब्दाची. शिवी म्हणून तो बहुधा हिजड्यांना दिलाच जात नाही. ढिम्म अधिकाऱ्याच्या टेबलावर मोर्चेकरी बांगड्यांचा आहेर ठेवतात, त्यातला टोमणा आणि ही शिवी एकाच जातकुळीची : पुरुषाने पुरुषाच्या पौरुषावर ठेवलेले बोट. ज्या त्याच बांगड्या हौसेने भरतात, त्या कोणाच्या ध्यानीमनीही नसतात. उलट घराण्यांत, म्हणजे गुरू-चेला या नात्यावर उभ्या असलेल्या कुटुंबांत, ‘हिजडा’ हे गुरू करून मिळवायचे नाव असते, आणि घराण्याबाहेरच्या अनेक पारलिंगी स्त्रिया, म्हणजे जन्मतः पुरुष ठरवल्या गेलेल्या पण स्वतःला स्त्री मानणाऱ्या व्यक्ती, ते स्वतःला लावत नाहीत. जे कधी टाकलेच नव्हते ते परत काय घेणार? पुनर्स्वीकाराची संज्ञा इथे अर्धीच लागू पडते. २०१२ मध्ये लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे आत्मकथन मराठीत आले तेव्हा घरातले नाव मुखपृष्ठावर आले, आणि दुकानात ते पुस्तक मागणाऱ्याला तो शब्द, कदाचित आयुष्यात प्रथमच, शिवी न देता उच्चारावा लागला.

सरकारी मराठीने मात्र ‘तृतीयपंथी’ हा सभ्य शब्द पसंत केला. त्यात पहिला आणि दुसरा क्रमांक कोणाचा, हे न विचारताच ठरलेले असते. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने आपल्या व्याख्येत किन्नर, हिजडा, अरावनी आणि जोगता ही नावे नोंदवली खरी, पण त्याच कायद्याखाली मिळणाऱ्या ओळखीच्या प्रमाणपत्रासाठी ‘ट्रान्सजेंडर’ ही एकच इंग्रजी संज्ञा ठरवली.