नवी रायफल आणि छोटीची दुखरी मान

तुमच्या घरी शेवटची मोठी वस्तू कोणती आली? फ्रिज, स्कूटी, लॅपटॉप? आमच्या घरी गेल्या पावसाळ्यात रायफल आली.

दचकू नका. आम्ही इंदूरचं साधं मराठी कुटुंब. बाबा बँकेत, आई शिकवण्या घेते, मी घरून कंटेंट रायटिंग करते. माझी धाकटी बहीण सोळा वर्षांची. घरात तिला सगळे छोटीच म्हणतात. ती दीड वर्षापासून नेमबाजी शिकते, १० मीटर एअर रायफल. २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रा यांनी सुवर्णपदक जिंकलं, तोच प्रकार.

इतके दिवस ती क्लबची रायफल वापरायची. एकच रायफल आणि शिकणाऱ्या चार मुली. जिची पाळी येईल तिने आपल्या मापाला लावायची, नेम धरायचा, पुढचीला द्यायची. सर म्हणाले, "आता हिला स्वतःची हवी." मी माझी दोन वर्षांची बचत काढली, उरलेले बाबांनी घातले. दोन लाख ऐंशी हजार. मला एम. ए. करायचं होतं, ते एक वर्ष पुढे ढकललं. मी हे आनंदाने केलं, पण आनंदाने केलेल्या गोष्टीही आपण मनातल्या मनात मोजत असतो, हे मला नंतर कळलं.

पेटी आली त्या दिवशी अख्खं घर भोवती बसलं. आत काळ्या फोममध्ये रायफल, हवेचे दोन सिलिंडर, डायॉप्टरची छोटी डबी, ॲलन कीचा संच आणि जाडजूड पुस्तिका. पहिली गोष्ट लक्षात आली ती वजन, जवळजवळ साडेचार किलो. लग्नाच्या मोसमात बाजारातून आणलेल्या पिशवीएवढं, पण ही पिशवी खांद्याच्या उंचीवर धरून साठ वेळा हलू द्यायची नाही.

बाबांनी विचारलं, "दुर्बीण कुठाय?" शिकारीच्या रायफलीवर असते तशी दुर्बीण त्यांना अपेक्षित होती. या खेळात ती चालत नाही. डोळ्याजवळ एक बारीक भोक, नळीच्या टोकाला एक कडं, आणि त्या कड्यात समोरचा काळा गोल बसवायचा. लक्ष्य साडेचार सेंटीमीटरचं, त्यातला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. बॉलपेनने टिंब दिलं तर तेवढंच होईल.

आजी लांबच बसली होती. तिच्या सासऱ्यांची शिकारीची बंदूक देवासजवळच्या वाड्यात भिंतीवर असायची. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, शिकार बंद झाली, आणि ती बंदूक पुढे पोलीस ठाण्यात जमा केली. आजीने विचारलं, "आणि ही काय मारणार?"

"कागद, आजी," छोटी म्हणाली. आजी हसली आणि देवघरातून कुंकू घेऊन आली.

आता माझी चूक सांगते. सर आठवडाभर भोपाळला शिबिरात होते. जाताना बजावून गेले होते, "मी येईपर्यंत काही जुळवू नका." पण मी मिक्सरपासून ट्रॉली बॅगपर्यंत प्रत्येक वस्तूचे 'फर्स्ट इम्प्रेशन' लिहिणारी बाई! पुस्तिका वाचली, दोन व्हिडिओ पाहिले, ॲलन की हातात घेतली. व्हिडिओतला नेमबाज सहा फुटांच्या वर होता. छोटी ५ फूट १ इंच. मी बटची लांबी, गालाचा आधार, सगळं त्याच्यासारखं लावून दिलं आणि म्हटलं, "झालं! आता फोड कार्डं."

दुसऱ्या दिवशी रेंजवर तिथल्या दादांनी मोठ्या टाकीतून सिलिंडर भरून दिला. त्यात २०० बारपर्यंत हवा मावते, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या दाबाच्या जवळपास शंभरपट. पहिला छर्रा सुटला तेव्हा बाबा थोडे निराशच झाले. ना धूर, ना झटका. नुसता 'टप्' असा आवाज.

पूर्ण आकड्यांत गुण मोजले तर दहा छर्ऱ्यांची मालिका १०० गुणांची असते. क्लबच्या जुन्या रायफलीवर छोटी ९५, ९६ मारायची. नव्या रायफलीवर पहिल्या दिवशी ९१. आम्ही म्हटलं, सवय होईल. दुसऱ्या दिवशी ९०. चौथ्या दिवशी ८८.

त्या रात्री जेवताना कोणी काही बोलत नव्हतं. आईने हळूच विचारलं, "परत देता येते का गं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन लाख ऐंशी हजार आहेत, आई. जरा लक्ष देऊन खेळली तर होईल की."

छोटीने ताटातली पोळी तशीच ठेवली. उठताना म्हणाली, "ताई, विकून टाक. मी क्लबचीच वापरते."

मला राग आला. वाटलं, किती लवकर हार मानते ही.

सर परत आले त्या दिवशी मी मुद्दाम सोबत गेले. त्यांनी कार्डं बघितलीच नाहीत. छोटीला उभं केलं आणि म्हणाले, "डोळे मीट. रायफल उचल. गाल टेकव. आता डोळे उघड. काय दिसतंय?"

"भोकाची एक बाजू काळी दिसतेय, सर."

"मग तू काय करतेस?"

"मान पुढे ताणते."

सरांनी तिच्या मानेवर अंगठा ठेवला. ती कळवळली. गालाच्या हाडाखाली लाल वळ उठला होता, आणि एका घरात राहून मला तो दिसला नव्हता.

"चार दिवस दुखतंय, तर बोलली का नाहीस?"

छोटी माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताईने लावून दिली होती. आणि पैसे पण ताईचेच आहेत."

खरं सांगते, त्या क्षणी मला तिथून निघून जावंसं वाटलं.

पुढचे दोन तास सरांनी काय केलं ते सांगते, कारण नव्या रायफलीची खरी जुळणी तीच. एका वेळी एकच बदल. आधी बट आखूड केला. मग गालाचा आधार थोडा वर घेतला, म्हणजे डोकं सरळ ठेवूनही डोळा भोकासमोर येईल. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकेल असं तिला उभं केलं, कारण वजन हाडांनी पेलायचं असतं. स्नायूंवर टाकलं की ते थकतात आणि थरथरतात. प्रत्येक बदलानंतर पुन्हा तेच, डोळे मीट, उचल, उघड. नेम डावीउजवीकडे दिसला तर हातांनी ओढून आणायचा नाही, पाय सरकवायचे. आणि प्रत्येक माप वहीत लिहायचं, तारखेसकट.

मी सॉरी म्हटलं तेव्हा सर म्हणाले, "कंपनीतून आलेली रायफल कोणाच्याच मापाची नसते. ज्याची आहे त्यानेच सांगायचं असतं, कुठे टोचतं ते."

तुमच्या घरात कोणी हा खेळ सुरू करत असेल, तर माझ्या चुकांतून एवढं घ्या. पहिल्या वर्षी रायफल घेऊ नका, क्लबच्या रायफलीवर शिकू द्या. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलीला आपल्याकडे शस्त्र परवाना लागत नाही, पण म्हणून ती खेळणं होत नाही. घरात ती कुलपात असू द्या, छर्रे वेगळ्या जागी, आणि रिकामी असली तरी नळी कोणाकडे वळवायची नाही. जाकीट, पँट, बूट आणि छर्रे यांचा खर्च वेगळा धरा. आणि जुळणी प्रशिक्षकांसमोरच करा.

आणखी एक. पैसे देणाऱ्याने रेंजवर किंमत काढू नये. मी ती जेवणाच्या ताटावर काढली होती. त्या रात्री घरी आल्यावर छोटीला म्हटलं, "रायफल तुझी आहे. आवडली नाही असंही म्हणायचं तुला. मी रागावले तरी म्हणायचं." ती फक्त "हं" म्हणाली. इतक्या सहज तिचा विश्वास बसला नाही, आणि बसायलाही नको होता.

गुण लगेच वाढले नाहीत. ९२, मग ९३, पुन्हा ९१. तीन आठवड्यांनी ९५ आले. परवा ९७ आले, पण ते तिने मला सांगितलंच नाही, मी वहीत पाहिलं.

मी लिहायला घेतलेलं रायफलीचं 'फर्स्ट इम्प्रेशन' मात्र अर्धवटच राहिलं आहे.

काल संध्याकाळी मी लॅपटॉपवर काम करत होते. छोटी रेंजवरून आली, बॅग ठेवली आणि दारातूनच ओरडली, "ताई, आज खांद्याला टोचत होतं. बट प्लेट एक घर खाली घ्यायला हवी. उद्या सरांकडे येतेस का?"

मी लॅपटॉप बंद केला आणि ॲलन कीचा संच कुठे ठेवलाय ते शोधायला उठले.