धाकटीचा मार्च महिना



नोकरी करणारी लेक किंवा सून चिडचिड करू लागली की आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. 'झेपत नसेल तर सोड ना नोकरी,' नाहीतर 'सामायिक कर, मन शांत होईल.' दोन्ही मायेनंच सांगितलेली असतात. पण माझी धाकटी जाऊ बँकेत आहे. तिचे तीन-चार मार्च महिने मी एका छपराखाली राहून पाहिलेत, म्हणून मला ती उत्तरं अपुरी वाटतात.

तिचा चोविहार असतो. दुपारी एकला डबा आणि मार्चअखेरीस घरी यायला आठ-साडेआठ. म्हणजे आल्यावर पाणीसुद्धा नाही. त्याबद्दल तिची कधीच तक्रार नव्हती, अठ्ठाई केलेली बाई आहे ती! त्रास निराळाच होता. पहाटे तीनला जाग यायची. खांदे दगडासारखे व्हायचे. झोपेत दात आवळल्यामुळे सकाळी जबडा ठणकायचा, शिवाय आम्लपित्त. लेकानं पेला सांडला तरी हिच्या डोळ्यांत पाणी. आठ दिवस उपाशी राहून हसतमुख असणारी बाई रोज जेवूनखाऊन अशी का कोलमडावी?

मला वाटतं, पच्चक्खाण ती स्वतः घेते, टार्गेट मात्र तिला कुणी विचारून देत नाही. महिन्याला किती विमा खपवायचा ते वरून येतं, आणि खिडकीपुढची रांग त्यामुळे काही कमी होत नाही.

लंडनच्या सरकारी नोकरांवर 'व्हाइटहॉल' नावाचा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. आपल्याला वाटतं ताण मोठ्या साहेबांना. पण हृदयविकारानं मरणाऱ्यांचं प्रमाण खालच्या हुद्द्यावर जास्त निघालं. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात बायकाही होत्या. कामात ज्यांना स्वतःचं काही ठरवता येत नाही, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त, असं त्यातून दिसलं.

धोका दिसला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात सोडतात. नाडी वाढते, स्नायू ताठरतात, पचन मंदावतं. धोका टळला की सगळं पूर्ववत होतं. पण साहेबांचा मेसेज रात्री दहालाही येत असेल तर शरीरानं धोका टळला असं कधी समजायचं? जागतिक आरोग्य संघटनासुद्धा 'बर्नआउट'ला आजार म्हणत नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून आलेली अवस्था म्हणते. म्हणजे उगम कुठे, ते त्यांनी स्पष्ट सांगितलंय.

स्वाध्यायात कुणीतरी तिला म्हणालं, हे आर्तध्यान आहे. नकोसं पदरी आलं की ते कधी टळेल यातच मन अडकून राहणं, हे वर्णन अगदी नेमकं आहे. पण ते ऐकून तिला वाटलं, आता हाही दोष माझाच. सामायिकाची ४८ मिनिटं तिला प्रिय आहेत. टार्गेट कमी करणं हे काही सामायिकाचं काम नव्हे.

खरं तर घरातही तिला कोण विचारत होतं? पाहुणे कधी, भाजी कोणती, रविवारी कुणाकडे, सगळं आधीच ठरलेलं. शेवटी सासूबाईंनीच एकदा विचारलं, "तुला यातलं काय नको, ते सांग." ती म्हणाली, मार्चमध्ये रविवारी पाहुणे नकोत, आणि सकाळची भाजी मी करणार नाही, पोळ्या करीन. (पोळ्या लाटताना डोकं रिकामं होतं म्हणे. माझं तर भरतं!) बँकेतही तिनं लेखी अर्ज देऊन संध्याकाळी साडेपाचला पंधरा मिनिटं मागून घेतली. आता दुसरा छोटा डबा जातो. खाखरा, मूग, कधी ठेपला.

टार्गेट तेवढंच आहे. पहाटेची जाग रोजची होती, ती आता आठवड्यातून दोनदा येते. डॉक्टरांनी दर महिन्याला रक्तदाब तपासायला सांगितलाय. सासूबाईंनी त्या तारखा कॅलेंडरवर अष्टमी-चतुर्दशीच्या शेजारी लिहून ठेवल्या आहेत.