पलासियातलं ऑफिस आणि भाऊंचे पॅच

ग्रुपवर सराफा, राजवाडा, गणेशोत्सव भरपूर झाले, म्हणून जरा वेगळं लिहितो. २००० च्या आगेमागे इंदूरच्या मराठी घरांतली जी पोरं कॉम्प्युटरात शिरली, त्यातला मी एक. पलासियाला दोन खोल्यांचं ऑफिस, आठ माणसं. काम पेन्शनचा हिशेब करणाऱ्या प्रोग्रामचं.

आमचे सीनियर रामबागेतले, सगळे त्यांना भाऊ म्हणत. कोडमधला प्रत्येक बदल ते स्वतः तपासत, तेही डॉट मॅट्रिक्सच्या प्रिंटवर. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, स्क्रीन सोसत नसे. त्यामुळे बदल कुठल्या रूपात छापायचा यावरून आमची रोज वादावादी.

सीव्हीएस आपणहून जो डिफ द्यायचं त्यात नुसते ओळींचे नंबर आणि डावे-उजवे बाण. आजूबाजूचं काहीच नाही. भाऊ म्हणायचे, "अरे, हे बिनपत्त्याचं पाकीट. कुठे नेऊन टाकू?" आमचा एक दोस्त काँटेक्स्ट डिफचा भक्त. त्यात आजूबाजूच्या ओळी असतात, पण आधी जुना तुकडा पूर्ण, मग नवा पूर्ण, आणि बदललेल्या ओळीला उद्गारचिन्ह. अख्खं फंक्शन नव्याने लिहिलं असेल तर हेच वाचायला बरं, हे मलाही मान्य आहे.

पण एका लांबलचक फंक्शनमध्ये जागोजागी बारीक बदल झाले होते. जुनं एका पानावर, नवं दुसऱ्या पानावर. दोघांनी वाचून पास केलं. भाऊंना काहीतरी खटकलं. म्हणाले, "युनिफाइडमध्ये काढून आण." हे रूप वेन डेव्हिसन यांनी १९९० मध्ये काढलं, लिनक्स कर्नलवालेही तेच मागतात. उणे खुणेची जुनी ओळ, तिच्याखाली लगेच अधिक खुणेची नवी, वरखाली तीन-तीन ओळी जशाच्या तशा. तिथे दिसलं: 'दहा वर्षं किंवा जास्त' याचं नुसतं 'दहापेक्षा जास्त' झालेलं. बरोबरचं चिन्ह गळालं होतं. ज्यांची नोकरी नेमकी दहा वर्षं भरली, ते सगळे पेन्शनमधून बाहेर!

त्या संध्याकाळी सगळ्यांच्या सीव्हीएसआरसी फाइलीत 'डिफ डॅश यू पी' घातलं गेलं. 'पी'मुळे प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर फंक्शनचं नावही येतं. कागदावर वाचणाऱ्याला ते फार कामाचं. शिवाय भाऊंचा हुकूम: स्पेस-टॅबची आवराआवर वेगळ्या पॅचमध्ये, कामाचा बदल वेगळ्यात. दोन्ही एकत्र आलं की न वाचता परत.

आता गिटमध्ये युनिफाइड आपसूक येतो, ओळीतला बदललेला शब्दही वेगळा दाखवता येतो. तरी आवराआवर आणि काम एकत्र कालवून पाठवणारे भेटतातच. मीही परत करतो.

त्या ऑफिसातलं कुणी इथे असेल तर कमेंटमध्ये सांगा. भाऊंच्या प्रिंटचे गठ्ठे त्यांच्या नातवंडांनी पाठकोरे म्हणून गणितं सोडवायला वापरले, असं ऐकून आहे.